मोऱ्या-पोवळ्याचा शब्बाथ

“माझे बैल ज्या दिवशी आपणहून शब्बाथ पाळतील ना, त्या दिवसापासून तुझ्या बापाला रविवारची सुट्टी!” रावसाहेब नथानेल ओसरीवरून गरजले. “आणि नाही पाळला, तर दोघंही चंबूगबाळं उचला आणि माझ्या मळ्यातून चालते व्हा!”

समोर उभी होती तबीथा, त्यांच्या मोटकऱ्याची, शिमोनची लेक. असं मागितलं होतं तरी काय तिनं? बापाला रविवारी सकाळी देवळात बसू द्या, एवढंच! शिमोनला आता धाप लागायची. उभ्या जन्मात त्यानं देवळाची घंटा ऐकली ती विहिरीच्या धावेवर, बैलांमागं चालताना. मरण्याआधी एकदा आत बसून उपासना ऐकावी, ही त्याची इच्छा.

आणि रावसाहेब कोण? गावच्या ख्रिस्ती मंडळीतले वडील, म्हणजे पंचच! शब्बाथाचे, म्हणजे रविवारच्या विसाव्याचे, असे कडक की विचारू नका. रविवारी घरात सुईत दोरा ओवायचा नाही, पोरांनी पतंग उडवायचा नाही, हसायचं तेही बेतानं. मोट मात्र चालू! देऊळ मळ्याच्या बांधाला लागूनच. रावसाहेब डोळे मिटून प्रार्थना म्हणत, तेव्हा खिडकीतून त्यांच्याच मोटेचं चाक कुरकुरत येई. मग हे ‘आमेन’ जरा मोठ्यांदा म्हणत. देवाला चाक ऐकू जाऊ नये म्हणून असेल!

तबीथा एवढंच म्हणाली होती, “रावसाहेब, देवाच्या आज्ञेत नोकरालाही विसावा सांगितलाय. बैलालासुद्धा.”

“ऊस वाळला तर आज्ञा येणार आहे का पाणी घालायला? आणि बैलाला काय कळतो गं शब्बाथ?” असं म्हणत रावसाहेबांनी ती पैज फेकली होती.

तबीथानं ती झेलली. “कबूल! कापणीच्या सणापर्यंत मुदत द्या. तोवर मोट मी हाकते, आबांना झेपत नाही.”

“हाक की! जमलं तर बैलांना दोन गीतंही शिकव!”

सारा मळा खो खो हसला. शिमोन रात्रभर तळमळला. “पोरी, या वयात मला रस्त्यावर आणतेस?”

“आबा, तुम्ही फक्त सदरा धुऊन ठेवा.”

दर रविवारी घंटा झाली की रावसाहेब देवळात पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीत. मळ्यावर बघायला कोण? कुणी नाही! तिथं काय चालायचं ते तबीथाला ठाऊक आणि बैलांना. चाक ऐकू येईना, तेव्हा पोरीनं वंगण घातलं असेल असं रावसाहेबांना वाटे; ‘आमेन’ मात्र सवयीनं मोठ्यांदाच. उपासना सुटेपर्यंत मोट पुन्हा सुरू झालेली असे.

कापणीच्या सणाचा रविवार उजाडला. माणसं भोपळे, कणसं, गव्हाच्या टोपल्या घेऊन देवळाकडं निघाली. रावसाहेब काळा कोट चढवून आले ते थेट विहिरीवर.

“आज मोट मी हाकणार! तू त्या बांधावर उभी राहा, तोंड फिरवून. खाणाखुणा नकोत!”

“जशी तुमची मर्जी. कोट तेवढा सांभाळा.”

रावसाहेबांनी मोट हाकली. घामानं कॉलर भिजली. बैल धाव उतरले, थारोळ्यात पाणी धबाबा पडलं, बैल मागं सरत पुन्हा विहिरीशी आले, आणि देवळाची घंटा वाजली. टण्ण!

मोऱ्यानं कान टवकारले. पोवळ्या जागीच थांबला. दोघांनी विहिरीजवळच्या चिंचेच्या झाडाकडं तोंड केलं.

“हाऽ चल मोऱ्या! चल म्हणतो ना!”

मोऱ्या ढिम्म!

“पोवळ्याऽ! अरे मालक आहे मी तुझा!”

पोवळ्यानं शेपटी हलवली, तीही माशीसाठी. चाबूक कडाडला, पण खुरं हलली नाहीत.

तिकडं देवळात गादीची खुर्ची रिकामी. वडीलच आले नाहीत म्हणून उपासना चालवणारे पाळकसाहेब काळजीनं बाहेर आले, मागून सगळी मंडळी. बघतात तर काय! काळ्या कोटात, चाबूक उगारून, शब्बाथाच्या दिवशी रावसाहेब बैलांशी भांडतायत!

“रावसाहेब, आज मोटेवर तुम्ही?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“ही... ही पोरगी...” रावसाहेबांची जीभ अडखळली. एवढ्यात पोवळ्यानं मान वळवली, त्यांच्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं आणि आतल्या पेपरमिंटच्या गोळ्या कागदासकट मटकावल्या!

रावसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. “लबाड! घंटा झाली की तू यांना सोडून खायला घालत होतीस!”

“घालत होते ना. चिंचेच्या सावलीत, भिजवलेली सरकीची ढेप आणि गुळाचा खडा.”

“मग ही लबाडीच! बैल शब्बाथ पाळत नाहीत, ढेपेच्या आशेनं थांबतात! ही कसली भक्ती?”

तबीथा बांधावरून खाली उतरली. “घंटा झाली की बैलांना सावली, तुम्हाला गादी. त्यांना गुळाचा खडा, तुम्हाला पेपरमिंट. फरक एवढाच, रावसाहेब, की स्वतः विसावा घेताना त्यांनी दुसऱ्या कुणाला जुंपलेलं नाही! यांची भक्ती खोटी म्हणत असाल, तर पुढच्या रविवारपासून मागं चटईवर बसा, बिनगोळीचे. मग दोन्ही भक्ती ताडून बघू!”

रावसाहेबांनी रिकामा खिसा चाचपला. पोवळ्या त्यांच्याकडं बघत मिटक्या मारत होता. पाळकसाहेबांनी ओठ आवळून धरले होते, पण त्यांच्या हातातला भोपळा गदगदा हलत होता!

आधी रावसाहेबांच्या मिशा हलल्या. मग पोट. मग ते असे हसले की चाबूक हातातून विहिरीत पडला! रविवारी त्यांना असं हसताना त्यांच्या बायकोनंही पहिल्यांदाच पाहिलं.

“हरलो, पोरी! आजपासून रविवारी मोट बंद! आणि ही जोडी तुझी!”

“आणि ढेप?”

“तीही माझ्याकडून!”

मग रावसाहेबांनी स्वतः वाकून मोऱ्या-पोवळ्याच्या मानेवरचं जू उतरवलं. उपासना त्या दिवशी उशिरा सुरू झाली. गादीच्या खुर्चीत धुतलेला सदरा घालून शिमोन बसला होता. रावसाहेब मागं चटईवर, मांडी घालून. चाक कुरकुरत नव्हतं, त्यामुळं ‘आमेन’ त्यांनी हळूच म्हटलं.