चढावर थांबलेली गाडी

“…मग बंद का पडते, वस्ताद? एवढंच सांगा.”

सर्जेराव उभ्या उभ्याच विचारत होता. डोळे लाल. हात कोपरापर्यंत काळे.

हैबती वस्ताद गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आता ते काम करत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. पण मलकापुरातले निम्मे मिस्त्री त्यांच्याच हाताखालून गेलेले. सर्जेराव त्यातला सगळ्यात हुशार. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून स्वतःचं गॅरेज टाकल्यापासून तो इकडं फिरकला नव्हता.

“काय काय बदललंस?”

“काय ठेवलं ते विचारा. प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोलचा पंप नवा. कार्ब्युरेटर धुतला, पुन्हा धुतला.”

“मग?”

“माझ्या दारात दिवसभर चालू ठेवली तरी काय होत न्हाई. कोल्हापूरच्या वाटेला लागली, चढ आला, की मान टाकते. घटकाभर उभी केली की पुन्हा चालू.”

“मग घटकाभर उभी करायची.”

“चेष्टा करू नका, वस्ताद.”

दारात आणून उभी केलेली गाडी अत्तार गुरुजींची. जुनी, चौकोनी, पांढरी. गुरुजींच्या बायकोच्या, हसीनाकाकूंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. ठरल्या दिवशी कोल्हापूरला नेऊन रक्त धुवून आणावं लागतं. एस.टी.त त्यांना बसवत नाही. मागच्या खेपेला गाडी वाटेतच थांबली आणि दवाखान्यातला नंबर हुकला. काकूंना आडवं होता येईना, एवढा दम लागला. उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं.

“गुरुजी रागावले?”

“रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, सर्जेराव, तुझा दोष न्हाई बाबा, गाडी म्हातारी झाली.”

वस्ताद खुर्चीत पुढं सरकले.

“बंद पडली तवा तू गाडीत होतास?”

“न्हाई. त्यांचा फोन येतो, मग मी मोटारसायकलवर जातो.”

“गेल्यावर?”

“काहीतरी खोलतो, पुसतो, जोडतो. चालू होते. मला वाटतं, सापडलं.”

“म्हंजे ती बंद पडताना तू कवाच बघितली न्हाईस.”



वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. “चल. बंद पडेपर्यंत जाऊ.”

मी वस्तादांच्या गॅरेजातला पोरगा; त्यांची काठी घेऊन मागं बसलो.

कोल्हापूरच्या वाटेवरचं बांबवडे मागं पडलं. सर्जेराव गाडी चालवता चालवता बोलत होता. हा आवाज टॅपेटचा, हा पट्ट्याचा, हा सायलेन्सरचा.

“सर्जा, तू बोलतोस का गाडी बोलते?”

थोड्या वेळानं सर्जेरावानं वळून बघितलं. वस्तादांचे डोळे मिटलेले.

“झोपला काय, वस्ताद?”

“न्हाई. बंद पडायची वाट बघतोय.”

“लोक चालायची वाट बघतात.”

“ते तू लई दिवस केलंस.”

चढ लागला. गाडी एकदा खोकली, मग दोन-तीन झटके दिले आणि कडेला थांबली.

सर्जेरावाचा हात लगेच बॉनेटच्या खटक्याकडं गेला. वस्तादांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

“बस.”

“गरम हाय तवर कॉइल बघतो—”

“बस म्हटलं.”

बसलो. उसाचा एक ट्रॅक्टर कण्हत बाजूनं गेला, त्याचा आवाज वळणापलीकडं विरला. इंजिनाचं लोखंड टिकटिक करत निवत होतं. सर्जेरावाचा श्वास आधी मोठा होता. हळूहळू तोही खाली आला. त्यानं डोकं मागं टेकलं. किती दिवसांनी तो असा नुसता बसला असेल, कुणाला ठाऊक.

…

मग त्यानं डोकं उचललं.

मागून कुठून तरी बारीक आवाज येत होता. डास कानाशी यावा तसा.

तो खाली उतरला. गाडीच्या मागच्या अंगाला गेला, वाकला, कान लावला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीनं हुंदका दिल्यासारखी हवा आत ओढली.

सर्जेराव झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. आम्हीही खाली उतरलो.

“पेट्रोल जातंय, पण आत वारं यायला वाटच न्हाई,” तो म्हणाला. स्वतःलाच सांगत असावा. “मग चढाला जास्त पेट्रोल लागतं, तवा टाकी सोडंल कशी… उभी केली की कडेनं जरा वारं शिरतं, म्हणून पुन्हा चालू.”

झाकणाच्या आत काळी रबराची चकती होती. नीट गोल कापलेली, कडेनं घट्ट बसवलेली. वारा यायचं भोक तिनं झाकून टाकलं होतं.

“कुणी बसवली?” वस्तादांनी विचारलं.

“…मीच. काकूंना पेट्रोलचा वास सहन व्हायचा न्हाई, मळमळायचं. म्हणून ट्यूब कापून घातली. वास पार बंद झाला. लई आशीर्वाद दिले काकूंनी.”

त्यानं चकती नखानं उचकटून काढली.

“सगळी गाडी खोलली, वस्ताद. हे तेवढं खोललं न्हाई.”

“चांगलं काम केलेलं होतं ना.”

सर्जेरावानं चकती खिशात टाकली, झाकण पुन्हा बसवलं.

स्टार्टर मारला. जरा घरघरली, मग चालू झाली. तो चढ चढली, पुढचाही चढली. माथ्यावर त्यानं गाडी वळवली.

“तुमाला ठाऊक होतं, वस्ताद?”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“ती थांबली, मी बी थांबलो. एवढंच केलं.”

परतीच्या वाटेला लागलो. पेट्रोलचा वास हळूहळू गाडीत यायला लागला होता. सर्जेरावाच्याही तो ध्यानात आला.

“उद्या काकूंना मळमळणार…” तो म्हणाला. “हिला आता थांबू न देता कोल्हापूर गाठायचं, अन् हा वास.”

वस्तादांनी आपल्या बाजूची काच खाली करायला घेतली. हँडल जड होतं. वेळ लागला. बाहेरचा वारा आत आला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

“उद्या गुरुजींना मागं काकूंजवळ बसव. गाडी तू चालव,” ते म्हणाले. “काकूंना मळमळलं, की थांब.”