चौदावा हिरा

एका नगरात एका जवाहिऱ्याच्या घरी नवी सून आली. बोलायची कमी, बघायची जास्त. त्या घरची रीत अशी, की नव्या सुनेनं पहिल्या मंगळागौरीला घराण्याच्या कुड्या कानात घालायच्या. एका कुडीत सात हिरे, दोन्हींत मिळून चौदा. यंदा सासूबाईंनी डबी उघडली, तर हिरे तेरा!

झालं. अंथरुणं झटकली, मोरी उपसली, मोलकरणींवर ओरडून झालं. शेवटी सासूबाईंनी घराण्याच्या हिऱ्यांच्या खाणीवर निरोप धाडला : आठ दिवसांत हिरा हवा.

तिसऱ्या दिवशी खाणीवरची एक बाई चिखलाच्या पायांनी अंगणात येऊन उभी राहिली.

"आईसाहेब, खाणीत कमरेएवढं पाणी आहे. काठ सुटत चाललेत. तरी माझा नवरा अन् दोघं दीर उतरायला निघालेत. त्यांना दिवाळीपर्यंत थांबू द्या."

"मग मंगळागौरही दिवाळीलाच पुजू का?"

सून हळूच म्हणाली, "आई, नगरात एक भट्टीवाला कोळशापासून हिरा करतो म्हणे. तितकाच कठीण, तितकाच तेजस्वी."

"भट्टीत विटा भाजतात, सूनबाई! खऱ्या हिऱ्याला धरणीच्या पोटात युगं काढावी लागतात. उद्या म्हणशील, मूलही भट्टीतूनच आणू!"

युगं काढलेल्या हिऱ्याला आणखी दोन महिने का जड जावेत, हे काही सुनेला कळेना. ती बाईच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, "त्यांना उतरू देऊ नका. हिऱ्याचं मी बघते."

मग ती भट्टीवाल्याकडे गेली. त्यानं तळहातावर हिरा ठेवला. सुंदरच होता.

"माझ्या भट्टीत कुणी गाडलं जात नाही, वहिनी," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सून हिरा घेणारच होती. तेवढ्यात तिला मागे रचलेले ओंडके दिसले. ताजे, चीक गळणारे.

"लाकूड कुठलं हो हे?"

"खाणीवरच्या डोंगराचं. आता संपतच आलंय म्हणा."

"म्हणजे डोंगर बोडका झाला म्हणून सगळं पाणी खाणीत उतरतंय!"

"इथे लोक भाव विचारतात, वहिनी. तुम्ही लाकूड काय विचारता? न्या, आणि खाणीतला म्हणून सांगा. कोण ओळखतंय?"

सुनेनं कपाळाला हात लावला. एक हिरा माणसं मागत होता, दुसरा डोंगर. आणि हवा कशाला होता, तर कुडीतलं एक भोक बुजवायला! ती रिकाम्या हातानं घरी आली.

"कुड्यांचं झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"घालायला तयार आहेत," सून म्हणाली.

मंगळागौरीला घर बायकांनी भरलं. सासूबाईंनी सुनेची मान वळवून डाव्या कानाकडे बोट दाखवलं.

"हा बघा चौदावा! मुद्दाम खाणीतून काढवला."

"अगबाई, काय तेज!" शेजारीण म्हणाली. "भट्टीतल्याला कधी असं येतं का?"

रिकामी जागा उजव्या कुडीत होती. फराळ झाला, झिम्मा झाला, फुगड्या रंगल्या. कुणी म्हणून मोजलं नाही.

तेवढ्यात खाणीवरची बाई दारात आली. तिची नजर थेट सुनेच्या उजव्या कानावर गेली.

"सहाच आहेत," ती म्हणाली.

सासूबाईंनी पाहिलं. पुन्हा मोजलं. त्या सुनेवर कडाडणार, इतक्यात बाई म्हणाली, "आईसाहेब, काल दुपारी खाणीचा काठ ढासळला. आत कुणी नव्हतं. एवढंच सांगायला आले."

फुगडी धरलेले हात सुटले. सासूबाईंचं उचललेलं बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी बाईचे चिखलाचे पाय पाहिले, जणू पहिल्यांदाच.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हिला पाय धुवायला पाणी दे. आणि पान वाढ."

त्या घरच्या कुड्या अजून तेरा हिऱ्यांच्याच आहेत. आणि भट्टीवाला हल्ली फार वैतागलेला असतो. गिऱ्हाईक आल्याआल्या लाकूड विचारतं.

तात्पर्य काय, तर हिरा खाणीतला की भट्टीतला, यावर खुशाल भांडावं. पण तो कुणाच्या जिवावर आला, आणि नसता आला तर आपलं नेमकं काय अडलं असतं, हे त्याआधी विचारावं.