चौथा थर

“...तर डांबराचा वरचा थर टाकायचा की नाही, तेवढं सांगा, आक्का. रोलर शनिवारपर्यंतच खाली गावात आहे.”

कारखानीस साहेब हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते. आठ वाजले नव्हते, तरी ते दिवसभर राबल्यासारखे दमलेले दिसत होते.

आक्का ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

आमच्या टेकडीवरचा मठ लहान. एक समाधी, चार खोल्या, एक चूल. चूल माझ्याकडे. मठ सांभाळतात त्या हौसाक्का. त्यांना सगळे नुसतं आक्का म्हणतात. गुरूंनी झोळी दिली, त्याआधी बारा वर्षं त्या रस्त्याच्या कामावर होत्या. पायाला गोणपाट बांधून गरम डांबर ओतायच्या. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग अजून आहे. लिहिता येत नाही, पण रस्त्यातलं कळतं.

कारखानीस साहेब शिकलेले. रस्त्यांचे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि नऊ वर्षांपूर्वी मठात आले. तेव्हा फाटकापासून मठापर्यंत बैलगाडीची वाट होती. साहेबांनी चाळीस दिवसांत तिथं डांबरी रस्ता केला. तीनशे पावलांचा रस्ता, पण त्यांचा सगळा जीव त्यात. आरतीला कोणी उशिरा आलं तर ते काही म्हणत नसत. रस्त्यावर शेणाची पाटी सांडली, तर मात्र दुपारपर्यंत तोंड फुगलेलं. मला ते कधी फारसे आवडले नाहीत, खरं ते सांगून टाकतो.

“येळ आली, हे कशावरनं म्हनतोस?” आक्कांनी एकदाचं विचारलं.

साहेब सावरून बसले. त्यांना असा प्रश्न हवाच असतो.

“रंग बघा ना. काळा कुळकुळीत होता, आता पांढुरका पडलाय. म्हणजे डांबरातला तेलकटपणा, चिकटपणा गेला. खडी सुटून कडेला जमतेय. भेगेत करंगळी जाते. एवढं झालं की वरून नवा थर द्यायचा, नाहीतर पाणी आत शिरतं. आणखी उशीर केला, तर मग सगळाच रस्ता उखडावा लागेल.”

“बरोबर हाय.”

“मग सांगू का त्यांना?”

“आइतवारी कोन येनार हाय?”

साहेबांनी नजर रस्त्याकडे वळवली.

“त्याचा आणि रस्त्याचा काय संबंध, आक्का?”

“मी इचारलं, कोन येनार हाय?”

“निनाद.”

निनाद म्हणजे साहेबांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांत मठानं त्याला पाहिलेलं नव्हतं. दिवाळीला फोन यायचा. दोन मिनिटांचं बोलणं, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. तब्येत, पाऊसपाणी, बरं ठेवतो.

“त्याला परदेशात नोकरी लागलीय,” साहेब म्हणाले. “बुधवारी जातोय. जाण्याआधी भेटून जातो म्हणाला. परत कधी येईल, येईल की नाही... काही सांगता येत नाही.” त्यांनी उपरण्यानं मान पुसली. “पहिल्यांदा येतोय हो वर. त्याच्या गाडीला एक धक्का बसू नये, एवढंच माझं म्हणणं.”

आक्का उठल्या. वहाणा ओट्याखालीच राहू दिल्या आणि काठी टेकत अनवाणी रस्त्याला लागल्या. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे मी. चुलीवर दूध होतं, पण अशा वेळी दुधाकडे कोण बघतो!

आक्का फार हळू चालल्या. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या, टाच दाबून बघायच्या.

“हितं थर चालंल.”

पुन्हा चार पावलं.

“हितंबी चालंल.”

साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. बघा, मी सांगत नव्हतो का, असा तो चेहरा.

मग वळण आलं. तिथं डावीकडे ओढ्याच्या अंगाला खोलगट होतं, ते साहेबांनी भराव घालून वर आणलं होतं. आक्का थांबल्या. टाच दाबली. काठी बाजूला ठेवून दुसरी टाच दाबली.

“हितं न्हाई.”

“इथं नाही? अहो, सगळ्यात जास्त गरज इथंच आहे! भेगांची जाळी पडलीय नुसती.”

“आजवर हितं किती थर दिलेस?”

“तीन.”

“आन जाळी कुठं पडली, तिन्ही बारीला?”

साहेबांनी वाकून जाळीवरून बोट फिरवलं.

“इथंच.”

“पहार आन.”

साहेब हसले. हसणं कसलं, नाकातून आवाज काढला नुसता. “आज गुरुवार आहे, आक्का. लोक पाहुणा यायचा म्हणून रस्ता नीट करतात. तुम्ही मला खणायला सांगताय?”

आक्का रस्त्याच्या मधोमध बसल्या. त्या अशा बसल्या की बोलणं संपलं, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

साहेब पहार घेऊन आले. मी हात पुढे केला, तर आक्कांनी बोट वर केलं.

“त्यो करंल.”

सदुसष्ट वर्षांचा माणूस. पहिले दोन घाव नुसते उसळले. तिसऱ्याला कपचा निघाला. मग साहेब राग आल्यासारखे पहार मारत सुटले. हे सगळं किती मूर्खपणाचं आहे ते पुटपुटत होते, आणि खणत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. मला वाटलं, पडतील आता. आक्कांना मात्र घाई नव्हती.

एकावर एक तीन काळे थर निघाले. त्याखाली दगड लागले. दगडांखाली मुरूम.

साहेबांनी खाली वाकून मुरूम मुठीत घेतला आणि दाबला. बोटांच्या फटींतून पाणी आलं.

फाल्गुन संपत आला होता. मठाच्या विहिरीला पोहरा तळाला टेकत होता. आणि इथं, तीन थरांच्या पोटात, पाणी.

“हे... हे कुठून आलं?” साहेबांनी विचारलं.

“आलं न्हाई. ऱ्हायलंय. पैल्या सालापासनं हाय. तू झाकत गेलास, मग ते वाळनार कवा?”

साहेब पहारीवर रेलून उभे राहिले.

“तवा मी तुला काय म्हनलं हुतं?” आक्का म्हणाल्या.

“भराव नवा आहे, म्हणाला होतात. एक पावसाळा त्याला बसू दे, मग डांबर ओत.”

“आन तू?”

“मी म्हटलं, मशीननं दाबलाय. थांबायचं काही कारण नाही.”

नव्या भरावाला एक पावसाळा द्यायचा, हे रस्त्याच्या कामावर घमेलं वाहणाऱ्या बायकांनाही माहीत असतं. तो भिजतो, खचतो, जिथं बसायचं तिथं बसतो. मग उन्हाळ्यात पुन्हा भर घालून वर रस्ता करायचा. साहेबांनी उभ्या जन्मात हे शंभर जणांना शिकवलं असेल.

“ठावं हुतं तुला,” आक्का म्हणाल्या. “मग कसली एवढी घाई हुती?”

साहेब खड्ड्याच्या काठावर बसले. पाय आत सोडले. चिखल घोट्यापर्यंत आला, तरी त्यांनी पाय वर घेतले नाहीत.

“सुलभा मार्गशीर्षात गेली...” ते म्हणाले.

सुलभा त्यांची बायको. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

“तेरावं झालं आणि पंधरा दिवसांत मी घर सोडलं. राहवेना तिथं. बाथरूमच्या दाराला तिचा गाऊन अडकवलेला होता. तो काढायचा कोणी? मला वाटलं, कुठंतरी जाऊन कामात पडलं पाहिजे. इथं आलो, ही बैलगाडीची वाट दिसली, म्हटलं रस्ता करू. रोज रात्री अंग इतकं दुखायचं की झोप लागायची.”

“आन पोरगं?”

“निनाद घरीच होता. चोवीस वर्षांचा.”

“काय म्हनला?”

साहेबांनी ओठ आत ओढले.

“म्हणाला, बाबा, थोडे दिवस थांबा ना. मी म्हटलं, तू आता मोठा झालास.”

ओढ्याकडे कुठंतरी भारद्वाज ओरडत होता. मला एकाएकी फार वाईट वाटलं. त्या मुलाचं वाटलं आणि ह्या माणसाचंही वाटलं. नऊ वर्षं मी त्यांना कोरडा समजत आलो होतो.

“आइतवारी काय बोलनार हाईस त्याच्याशी?”

“काही नाही. मागचं काही काढायचं नाही, असं ठरवलंय. पुरणपोळी करा म्हणून ह्यांना सांगून ठेवलंय. समाधी दाखवीन, बाग दाखवीन, हसून निरोप देईन. चांगल्या आठवणीनं जाऊ दे त्याला. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय?”

आक्कांनी खड्ड्यात हात घातला. ओल्या मुरमाचा गोळा उचलला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं त्यावर मिटली.

साहेब त्या मुठीकडे बघत राहिले. मनगटावरून गढूळ पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. एकदा त्यांचे खांदे हलले. आक्का समोर बसून होत्या, मी आपला जमिनीकडे बघत होतो.

ऊन वर आलं. खाली गावातून रोलर सुरू झाल्याचा आवाज आला. साहेबांनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही.

“रविवारपर्यंत वाळेल का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग थर कधी टाकायचा?”

“तळ कोरडा झाला म्हंजी.”

“तो झाला हे कसं कळणार?”

“हातात घ्यायचा. रोज.”

“आणि तोपर्यंत?”

“उघडा ऱ्हाऊ दे. वारा लागू दे त्याला.”

साहेबांनी रस्त्याची रुंदी नजरेनं मोजली. खड्डा मधोमध होता. एका बाजूला टेकडीचा उभा दगड, दुसऱ्या बाजूला ओढा.

“गाडी वर येणार नाही, आक्का.”

“न्हाई यायची.”

“फाटकापाशीच थांबेल.”

“हां.”

“तुम्हाला माहीत नाही...” साहेब म्हणाले आणि थांबले. मग एकदम बोलले. “तो आला होता. चार वर्षांपूर्वी. फाटकापर्यंत आला होता. तिथून फोन केला, म्हणाला, बाबा, पाच मिनिटं खाली या. मी म्हटलं, एवढा रस्ता कशाला केलाय? ये की वर. तो म्हणाला, नाही, तुम्ही या. मी म्हटलं, बापाला भेटायला यायचं तर मुलानं यावं.”

आम्हाला कोणालाच हे ठाऊक नव्हतं.

“मग?” आक्का म्हणाल्या.

“अर्धा तास गाडी उभी होती. मी ओट्यावरून बघत होतो. वाटलं, आता येईल, आता येईल... मग त्यानं वळवली.”

रोलरचा आवाज येत होता.

“या वेळीही तो तसाच थांबला तर? आता तर रस्ताही नाही.” साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून आक्कांकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. “एवढं चढून येईल का हो तो माझ्यासाठी?”

आक्का काठीवर भार देत उठल्या. गुडघा दुखला असावा, त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग चिखलात बुडालेल्या साहेबांच्या पायांकडे बघितलं.

“तुला पाय न्हाईत व्हय रं?”