बोरखळची शीव

एका राज्यात राजा बोलायचा थोडं आणि ऐकायचा फार. राज्याचे महाल, म्हणजे मुलखाचे विभाग, पाडलेले होते. दर महालातले लोक हात वर करून आपला मुखत्यार निवडत आणि तो राजसभेत त्यांचं गाऱ्हाणं मांडी. शिरगणती झाली की महालांच्या शिवा नव्याने आखायच्या, म्हणजे दर मुखत्यारामागे माणसं सारखी, असा रिवाज होता.

ते काम राजाने उग्रकेतू मांत्रिकाकडे सोपवलं. उग्रकेतूला तर जिथे तिथे आपलाच माणूस बसवायचा होता. त्याने गच्चीवरून मंतरलेली दोरी फेकली. दोरी वळवळत गेली आणि बोरखळ गाव चिरून गेली. वरची आळी एका महालात, खालची दुसऱ्यात, पाणवठा तिसऱ्यात. सबंध गाव एकत्र असतं तर त्याचा मुखत्यार सहज निवडून आला असता. तुकड्यांत ते कुठेच पुरेना. त्यात मंत्राचा शाप असा, की चिरलेल्या गावाची वाचा जाते. बोरखळची गेली. पाटाचा बांध फुटला, उभी पिकं सुकली. सभेत सांगणार कोण?

तुंगा तेवढी त्या दिवशी बाजाराला गेली होती, म्हणून तिची वाचा राहिली. आणि राहिली कुणाची, तर पान हललं तरी दचकणाऱ्या पोरीची! आई नुसते ओठ हलवी. ते पाहवेना, तेव्हा तुंगा दरबारात उभी राहिली.

"महाराज, आमचं गाव जोडून द्या." एवढं बोलेपर्यंत तिने पदराचं टोक पार चुरगळून टाकलं.

"तूच जोड की," उग्रकेतू हसला. "तीन अटी. दर महालात डोकी सारखी. कुठला महाल तुटलेला नको. एकही गाव चिरायचं नाही. चुकलीस, तर तुझीही वाचा माझी."

"मान्य?" राजाने विचारलं.

तुंगा दचकली. "हो, महाराज."

पूर्वी शीव आखणारा डोक्यावर शिवेची माती घेऊन सबंध शीव पायी चालत असे. तुंगाने मातीचं ढेकूळ डोक्यावर ठेवलं आणि मागे राखेची रेघ ओढत निघाली. जिकडे माणसं जास्त तिकडे ढेकूळ कले. ती तिकडे सरके, की ते सरळ होई. वाटेत पायाशी टिटवी ओरडली आणि तुंगा किंचाळली.

"अगं भित्रे, पक्षी मी, वाघ नव्हे! नदीपलीकडची वाडी तोडलीस बघ. तिथल्यांनी आपल्या महालात यायचं कसं? उडत?"

"तू का नाही आधी सांगितलंस?"

"तू का नाही विचारलंस?"

तुंगा मागे फिरली आणि तिने रेघ वळवली. मग टिटवी दर महाल या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. रेघ कुठे ओलांडावी लागली नाही. गावंही सगळी सबंध. पण बोरखळच्या वेशीबाहेर रेघ मिळाली, तरी ढेकूळ किंचित गावाकडे कललेलंच.

राजा आला, उग्रकेतूही आला. "तुमच्या महालात एक डोकं जास्त, पलीकडे एक कमी," उग्रकेतू म्हणाला. "आता चीर गाव."

तुंगाने दारातल्या आईकडे पाहिलं.

"महाराज, माणूस आपखुशीने पलीकडे राहायला गेला तर?"

"तर त्याची गणती पलीकडे. पण त्याने हात वर करायचा तोही पलीकडेच. बोरखळच्या मुखत्यारासाठी नाही."

ती डोळे मिटून रेघेपलीकडे गेली. डोक्यावरचं ढेकूळ सरळ झालं. उग्रकेतूची दोरी तटकन तुटली, तिची गवताची काडी झाली, आणि सबंध बोरखळ एकदम बोलू लागलं. त्या गलक्यात एक आवाज तुंगाने ओळखला.

"तुंगे, पलीकडे काय उभी? भाकरी निवतेय!"

"आई, मी आता तिकडची झाले गं."

"हात वर करायला हो तिकडची. जेवायला कसली आलीय शीव? चल!"

यापुढे जो शीव आखेल त्याने ती चालायची, असा राजाने हुकूम काढला, आणि उग्रकेतूला राज्याबाहेर पायीच धाडलं. बोरखळने मुखत्यार निवडला, बांध पुन्हा बांधला गेला. त्या निवडीच्या दिवशी पलीकडच्या महालात, अनोळखी माणसांत, तुंगाचाही हात वर गेला.