पोशीबाईचा धवला आणि शेठची पेटी

पोशीबाईवर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. गावाने नाही, सरपंचाने नाही, सख्ख्या नवऱ्याने नाही. वकिलाने तर आधी फी घेतली आणि मग विश्वास ठेवला नाही. ती बिचारी तीन वर्षं घसा फोडून एकच सांगत होती, "त्या पेटीत माझा आवाज आहे. आणि पुढं शेठ स्वतः बोललाय. जरा थांबून ऐका." थांबायला कोणाला वेळ होता?

तर ही पोशीबाई खाडीकाठच्या एका गावात राहायची. धवलारीण होती. आमच्याकडे लग्न म्हटलं की धवलारीण लागतेच. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही. आणि तिची एक रीत असते. हळदीचा धवला अर्ध्यावर आला की ती म्हणते, "धवलारणीचा मान ठेवा," आणि गप्प होते. पुढ्यात सूप असतं. सुपात लुगडं आणि नारळ पडला की धवला पुढे सरकतो. नाही पडला तर नवरदेव पाटावर उघडाबंब बसून राहतो. एका पुढाऱ्याचा भाचा पाऊण तास बसला होता, डास मारत.

त्याच गावात कमलाकरशेठ होता. मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचा. एक दिवस तो पोशीबाईच्या ओटीवर येऊन बसला.

"पोशीबाय, एका दिवशी चार लग्नं असतात. तू किती ठिकाणी पुरणार? तुझा आवाज मी पेटीत भरतो. ज्या लग्नात पेटी वाजंल, त्या लग्नामागं तुला शंभर रुपये. घरी बसून खा."

पोशीबाईचे गुडघे दुखत होते. तिला पटलं. कागद झाला. चौथी शिकलेली बाई, सही झोकात केली. पण कागद एकच केला, आणि तो शेठच्या कपाटात गेला. ही तिची चूक. ती मी लपवत नाही.

शेठने एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि शहरातून एक यंत्रवाला आणला. पोशीबाई दिवसभर गायली. हळदीच्या धवल्यात रिवाजाप्रमाणे मानापाशी थांबलीसुद्धा. यंत्र मात्र चालूच राहिलं. संध्याकाळी पोशीबाईसमोरच यंत्रवाला म्हणाला, "शेठ, मधे बराच वेळ गाणं नाही. तेवढं कापू का?"

"कापायचे किती घेणार?"

"दोनशे."

"मग राहू दे तसंच."

आणि शेठने ती पेटी कधी एकदाही बसून ऐकली नाही. माल खपतो आहे ना, मग ऐकायचं कशाला?

पेटी गावोगाव फिरली. शेठची माणसंच ती लग्नात घेऊन जायची आणि तीच वाजवायची. विकत कोणालाच द्यायची नाहीत, पोशीबाईला तर दाखवायचीसुद्धा नाहीत. बरं, लोक तरी कसे! पेटी म्हणायची, "धवलारणीचा मान ठेवा," आणि गप्प. की बायका सवयीने उठायच्या आणि पेटीपुढे सुपात लुगडं ठेवायच्या. लाकडाच्या खोक्याला लुगडं! एकीने तर पेटीला कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. लुगडं पडलं की शेठचा माणूस बटण दाबून पुढचं गाणं लावायचा, आणि लुगडं बगलेत मारून निघायचा. दोन वर्षांत एवढी लुगडी जमली की शेठने बाजारात साड्यांचं दुकान काढलं.

पोशीबाईला मात्र ना शंभर मिळाले ना पेटीपुढचं एखादं लुगडं. वर आता तिला लग्नाला बोलवायलाही कोणी येईना. ती शेठकडे गेली.

"शेठ, माझे लग्नामागचे पैसे?"

"कसले पैसे? तुझा काय संबंध?"

"पेटीत मी गायलेय."

"पेटीत माझी मेहुणी गायलेय, विमल. जा, विचार तिला."

ही विमल म्हणजे अशी बाई, की तिने अंगाई म्हटली तर झोपलेलं पोर उठून बसायचं. तरी गावाने शेठचं मानलं. गावजेवणाला मंडप फुकट देत होता ना तो. सरपंच पोशीबाईकडे खालून वर बघत म्हणाला, "आत्ये, एवढ्याशा पेटीत तू मावशील तरी का?" सगळी चावडी हसली.

"जल्लं तुझं हसणं," पोशीबाई म्हणाली आणि तालुक्याला जाऊन वकील गाठला.

वकिलाने एका लग्नात जाऊन पेटी ऐकली. मानाची जागा आली, पेटी गप्प झाली. पोशीबाई म्हणाली, "आता थांबा. पुढं शेठ बोलतो." तेवढ्यात मुलीच्या मावशीने सुपात लुगडं टाकलं आणि शेठच्या माणसाने बटण दाबलं. पोशीबाई ओरडली, "अरे थांब की!" मावशीने तिलाच झापलं, "मुहूर्त टळतोय, तू कोण गं मधे?"

वकील म्हणाला, "बाई, मला काही ऐकू आलं नाही." पण फी परत दिली नाही, आणि फी घेतली म्हणून दावा लावला.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. शेठचा वकील आधी म्हणाला, धवले पूर्वजांचे, त्यावर कोणाची मालकी नाही. मग म्हणाला, मालकी असली तरी आवाज विमलचा. विमलला गायला सांगितलं की ती घसा धरून म्हणायची, "सर्दी झालीय." जानेवारीत सर्दी, मे महिन्यात सर्दी. न्यायाधीशसाहेब एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही आधी दवाखान्यात जा."

मग शेठ एका दुपारी पोशीबाईच्या घरी आला. दुकानातल्या दोन भारी साड्या आणि नोटांचं पुडकं तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "हे घे. कोर्टात फक्त एवढं सांग, आवाज विमलचा आहे."

घरात पीठ नव्हतं. नवरा म्हणाला, "घे गं. आवाज काय कुठं पळून जातोय?"

पोशीबाई म्हणाली, "आवाज माझाच राहील, पण मग मी कोण राहीन?" तिने साड्या उचलून ओटीबाहेर ठेवल्या. शेठ त्या उचलून घेऊन गेला. पुडकंही विसरला नाही.

पुढच्या तारखेला न्यायाधीशसाहेब वैतागले होते. म्हणाले, "पेटी आणा आणि इथं वाजवा."

पेटी आली. धवला सुरू झाला. कोर्टातले लोक माना डोलवायला लागले. मानाची जागा आली. "धवलारणीचा मान ठेवा," पेटी म्हणाली आणि गप्प झाली. एका बाई पोलिसाचा हात सवयीने पिशवीत गेला, साहेबांनी डोळे वटारले तसा परत आला. शेठच्या माणसाचं बोट बटणाकडे निघालं.

"हात खाली," साहेब म्हणाले. "विमलबाई, तुम्ही इथं गप्प का झालात?"

विमलने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "साहेब, पेटी बिघडली."

पोशीबाई उभी राहिली. "बिघडली नाही साहेब. सुपात लुगडं पडलं नाही. थांबा जरा."

साहेब थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी थांबलं. कोर्टात कोणी लुगडं टाकणार नव्हतं, त्यामुळे पेटी आपली चालत राहिली. पंख्याची घरघर ऐकू आली. कोणीतरी खोकलं. आणि मग पेटीतून शेठचा आवाज आला, स्वच्छ.

"गा की गं पोशीबाय! गप का बसलीस?"

"मान कुठाय?"

"अगं इथं काय लग्न आहे का? यंत्र चालूय!"

"धवला तर लग्नाचाच आहे."

"लग्नामागं शंभर देतो म्हटलं, कागद करून दिला, आता वर लुगडं पण?"

"शंभर गळ्याचे. लुगडं मानाचं."

"विमल! तुझ्या ताईचं एखादं जुनं लुगडं आण आतून. फाटकं आण."

आणि मग विमलचा तो कावळ्यासारखा आवाज, "आणते, दाजी."

कोर्ट एवढं हसलं की शिपायाला काठी आपटावी लागली. विमल म्हणाली, "मी तरी सांगत होते, मला यात गोवू नका." तिची सर्दी त्या क्षणी बरी झाली.

साहेबांनी निकाल दिला. जितक्या लग्नांत पेटी वाजली तितक्यांचे शंभर शंभर रुपये द्यायचे, आणि जमा झालेली सगळी लुगडी पोशीबाईच्या घरी पोचती करायची. साड्यांचं दुकान रिकामं झालं. कोर्टाच्या पायऱ्यांवर शेठ बोंबलत होता, "चूक यंत्रवाल्याची, त्याने कापलं नाही! चूक विमलची, ती बोलली! चूक त्या पोशीची, ती अडून बसली!" पण निकालाच्या कागदावर एकाचंच नाव आलं.

तात्पर्य: दुसऱ्याचा गळा विकून पोट भरणाऱ्याने त्या गळ्याचं देणं वेळेवर द्यावं, आणि गाणारणीचं म्हणणं लोकांनी मधेच बटण न दाबता शेवटपर्यंत ऐकावं, म्हणजे चोर आपल्याच तोंडाने सापडतो. या गोष्टीतला चोर यंत्रवाला नाही, विमल नाही, पोशीबाई तर नाहीच. कोर्टाने लिहिलेलं त्याचं पुरं नाव, कमलाकर धर्माजी भोपी.