अक्षतांचे तबक

एकदा एका आचार्यांकडे एक शिष्य मोठा संकल्प घेऊन आला. इंग्रजी वाक्य दिले की त्याचा अर्थ तर्काच्या भाषेत मांडून देईल, असे व्याकरण त्याला रचायचे होते. कोणी केले, काय केले, कोणासाठी केले, सर्वांनी की एकानेच, हे इतके नितळ मांडायचे की यंत्रानेही त्यावरून निर्णय करावा. आचार्य स्वतः तर्कशास्त्री. नियम कसे बांधावेत, ते त्यांनी मन लावून शिकवले.

शिष्याने त्यात आपले एक व्रत जोडले. आपल्या व्याकरणातून चुकीचा अर्थ कधीही बाहेर पडणार नाही. नियमात बसेल त्या वाक्याचा अर्थ लावायचा, बसणार नाही ते ‘निरर्थक’ म्हणून ढिगात टाकायचे. त्या ढिगाचे पुढे काय, असे आचार्यांनी एकदा विचारले, तर तो हसून म्हणाला, “गुरुजी, आधी सोवळ्यातलं आटपू द्या. ओवळ्याचं मग बघू.”

पुढे एका जहाजमालकाने ते व्याकरण घेतले. त्याच्या जहाजांवर नाना देशांचे खलाशी, आणि किनाऱ्यावरच्या कचेरीशी सर्वांनी इंग्रजीतच बोलायचे असा दंडक. पूर्वी येणारा प्रत्येक निरोप एक म्हातारा कारकून वाचत असे. व्याकरण आले, निरोप यंत्रच वाचू लागले आणि कारकून घरी बसला.

मग एका जहाजावर बुधाजी नावाचा खलाशी वाफेने भाजला. वाटेतल्या बंदराला लागायचे तर हुकूम कचेरीतून यायला हवा. जहाजावरच्या स्वयंपाक्याने त्याला येत होते तेवढ्या इंग्रजीत कळवले, “बुधाजी बर्न. व्हेरी बर्न. पोर्ट प्लीज.” वाक्य नियमात बसेना. ते ढिगात गेले. बिचारा तेच पुन्हा पुन्हा पाठवत राहिला आणि ते पुन्हा पुन्हा ढिगात पडत राहिले. जहाज ठरल्या बंदराला लागले तेव्हा बुधाजी या जगात नव्हता.

बातमी कळली तसा शिष्य आचार्यांच्या घरी आला. चेहरा उतरलेला, पण मन हार मानेना. व्याकरणाने एकही खोटा अर्थ दिला नाही, हे त्याने पटवून पटवून सांगितले. शेवटी म्हणाला, “माझं व्रत यात कुठे मोडलं?”

जेवणाची वेळ होती. गुरुपत्नींनी पाने मांडून पेज वाढायला घेतली, तेवढ्यात आचार्य देवघरातले तबक घेऊन आले आणि शिष्यापुढे ठेवून म्हणाले, “जेव.”

तबकात कुंकू लावलेल्या कोरड्या अक्षता होत्या. गुरुजींचे आता वय झाले, असेच शिष्याला वाटले.

“हे कसं खाऊ, गुरुजी?”

“का? एकही दाणा मोडका नाही. हिने सूप घेऊन निवडलेत.”

“निवडताना मोडलेले निघाले, ते मी टाकले नाहीत हो,” गुरुपत्नी हळूच म्हणाल्या. “त्या कण्यांचीच ही पेज.”

मग आचार्य म्हणाले, “व्रत मोडलं नाहीस, बाळ. तेवढंच जपलंस. अक्षता अखंड लागतात, त्या देवाला वाहायला. भुकेला जीव कण्यांवर जगतो. भाजलेला माणूस का कर्ता-कर्म जुळवून ओरडेल? तुझ्या नियमांना कळलं नाही, हा दोष नव्हे. सगळं कोणाला कळतं? पण ‘मला कळलं नाही’ आणि ‘याला अर्थच नाही’, यांत अंतर आहे. न कळलेलं माणसाच्या हाती द्यायचं असतं. तू ते टाकून दिलंस.”

शिष्याने पेज मागितली नाही. गुरुपत्नींनी ती वाढली.

दुसऱ्या दिवशी त्याने म्हाताऱ्या कारकुनाला हात धरून कचेरीत परत आणले आणि त्याच्या शेजारी बसून तो ढीग उपसायला घेतला. बुधाजीचा निरोप वरच होता. खाली आणखी कितीतरी. कुणाचे पाणी संपलेले, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाला नुसतेच घरी जायचे होते. मोडकी, अर्धी, उलटसुलट वाक्ये. तो एकेक वाचत गेला आणि त्याची मान खाली जात राहिली.

त्या साऱ्या ढिगात त्याला न कळलेले वाक्य एकही नव्हते.