राजकन्येचे पेटारे आणि गादीचा हत्ती

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा उंदीर माणसांशी बोलत आणि माणसं चक्क ऐकून घेत!

एका राज्यात एक राजकन्या होती. हुशार, दयाळू, प्रजेची लाडकी. पण कपड्यांचा सोस असा, की विचारू नका. महालातली सात दालनं पेटाऱ्यांनी भरलेली, आणि सण आला की बाईसाहेबांचं रडगाणं ठरलेलं, "मला नेसायला काही नाहीच!" हसू नका हं. आधी आपापलं कपाट उघडून बघा.

हे उपस, ते टाक, यातच तिची वेळ टळायची. आरती संपली की ही देवळात. पंगत उठली की ही पाटावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

तिचा बाप, म्हणजे राजा, थकला आणि येत्या दसऱ्याला गादी सोडायची म्हणाला. त्या राज्याची रीत अशी, की दसऱ्याच्या सकाळी नगारा वाजला की गादीचा हत्ती सोंडेत माळ घेऊन देवळातून निघायचा. राजवाड्याच्या दारात वारस उभा असेल, तर माळ त्याच्या गळ्यात. दार रिकामं दिसलं, तर हत्ती पुढच्या दाराशी. तो कुणासाठी थांबत नसे.

आणि पुढचं दार कुणाचं? तिच्या चुलतभावाचं! गादी मिळाली की गावचं तळं बुजवून तिथं रंगमहाल बांधणार, असं तो उघड सांगत फिरायचा. म्हणजे राजकन्येला उशीर झाला, तर अख्ख्या गावाचं पाणी जाणार होतं.

दसरा जवळ आला तशी राजकन्या दिवस मोजू लागली. एका पेटाऱ्यावर बसून ती हमसून हमसून रडायला लागली. तेवढ्यात त्याच पेटाऱ्यातून एक म्हातारा उंदीर बाहेर आला.

"रडतेस काय, पोरी? आमच्या पाच पिढ्या या पेटाऱ्यात वाढल्या. तुझा हात काही इथवर पोचला नाही!"

"उंदीरमामा, चिडवू नका हो! एवढ्यातून मी वेळेवर निवडू तरी कशी?"

"एवढं ठेवतेसच कशाला? जे नेसून धावता येतं, मांडी घालून जेवता येतं, ते ठेव. जी चोळी एकाच लुगड्यावर चालते, ती आधी बाहेर काढ."

"अहो, पण मग तुमचं घर?"

"घर दुसरं बघीन. तळं बुजलं तर पाणी कुठं पिऊ?"

मग काय, नुसती धमाल! पेटारे धडाधड उघडले. नेसून बघ, पळून बघ, जिना उतरून बघ! जरीचं एक लुगडं पायात अडकलं. "चल, हो बाहेर!" शेवटी उरली चार लुगडी, चार चोळ्या आणि दोन शेले. कुठलीही चोळी कुठल्याही लुगड्यावर शोभायची. राजकन्या टाळ्या पिटत ओरडली, "मामा, मी तर रोज नवीच दिसतेय!" बाकीचं सगळं तिनं गावच्या लेकीबाळींना वाटून टाकलं.

उंदरानं बजावलं, "उसवलं की त्याच दिवशी टाका घालायचा. आणि नवं एक आत आलं, की जुनं एक बाहेर. नाहीतर पुन्हा पेटारे, पुन्हा आम्ही!"

चुलतभावाला हे कळलं. त्याला आयत्या बिळावर नागोबा व्हायचं होतं, आणि बहिणीची खोडही त्याला पक्की ठाऊक होती. दसऱ्याच्या सकाळी त्यानं एक भला मोठा पेटारा पाठवला. निरोप गोड होता, "ताई, आजच्या दिवसासाठी माझी भेट."

आत एकाहून एक लुगडी! राजकन्येनं एक खांद्याला लावून पाहिलं. मग दुसरं. मग, अहो, तिसरं! आणि बाहेर नगारा धडाडला.

"पोरी, हत्ती निघाला!" उंबऱ्यावरून उंदीर ओरडला.

"मामा, हे मोरपंखी एवढं एकच ठेवते!"

"ठेव की! मग तुझ्यातलं कुठलं देतेस?"

तिनं खुंट्यांकडे पाहिलं. हे निळं? छे, याचा काठ तिनं स्वतः शिवला होता. हे डाळिंबी? हे नेसून ती तळ्याकाठी पोरींबरोबर फुगडी खेळली होती. एकही देववेना. तिनं पेटाऱ्याचं झाकण धाडकन लावलं. निळं लुगडं, पांढरी चोळी, वर शेला. शोधायचं काहीच नव्हतं, सगळं हाताशी! आणि जी धावत सुटली! हत्ती वळणावर, राजकन्या जिन्यात. हत्ती दारात, राजकन्याही दारात!

माळ गळ्यात पडली आणि गाव आनंदानं नाचायला लागलं. तळं वाचलं!

पुढच्या दारात चुलतभाऊ मान पुढे करून उभाच होता. हत्ती त्याच्याकडेही गेला बरं का. पण सोंडेत माळ नव्हती, पाठीवर त्याचाच पेटारा होता, आणि सोबत नव्या राणीचा निरोप: "भाऊराया, माझ्यातलं एकही देववत नाही, म्हणून तुझं सगळं परत."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: मोजकं ठेवावं आणि ठेवलेलं जपावं, ढीग घालणारा वेळेला स्वतःच ढिगाखाली सापडतो.